सहाव्या रांगेतली पाचवी

कफुलू प्राथमिक शाळा
९ फेब्रुवारी २००२

मामा,

तुम्हाला आणि मामीला नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. ठीक काहीच नाही.

काल पुन्हा दफनभूमीत जाऊन आले. नाताळपासून तापाने गावातली अकरा माणसं गेली, त्यातली चार माझ्या दुसरीच्या वर्गातली. एवढ्या गावात लिहिता-वाचता येणारं माणूस म्हणजे शाळेतलं माणूस, हे तुम्हाला मी काय सांगावं? कुणी गेलं की घरचा माणूस टोपी हातात घेऊन दारात उभा राहतो. "बाई, हकीकत लिहायची आहे." म्हाताऱ्यांची हकीकत लिहिणं सोपं असतं. कुठे जन्मले, खाणीत किती वर्षं काढली, लेकरं किती, नातवंडं किती, चर्चमध्ये कुठल्या बाकावर बसायचे. सात-आठ वर्षांच्या पोराचं काय लिहू? जन्मलं, दुसरीत आलं, गेलं. तरी मी लिहिते. आठवून आठवून लिहिते, की याला वजाबाकी जमत नव्हती पण हातचा घ्यायला फार आवडायचं. मग खड्ड्याच्या काठावर उभी राहून मोठ्याने वाचते, मागच्या बायकांना ऐकू जायला हवं म्हणून. काल वाचता वाचता माझा आवाजच गेला. मुखियाचा माणूस म्हणाला, "बाईंना पाणी द्या रे." मला पाणी नको होतं, मामा.

आणि सोमवारी पुन्हा तोच वर्ग. हजेरीपटावर लाल रेघ ओढायची आणि फळ्याकडे वळून बेरीज शिकवायची. एकशे अडतीस होती, आता एकशे चौतीस आहेत. सगळी माझ्याकडे बघत असतात, आणि मी प्रत्येकाकडे बघून मनात म्हणते, तुझी हकीकत मला लिहायला लावू नकोस रे बाळा. असं कुणी शिकवतं का?

माझ्या मैत्रिणीने, डोरिकाने, राजधानीत लिलाँग्वेला तंबाखूच्या गोदामात माझ्यासाठी कारकुनाची जागा बघून ठेवली आहे. गोण्या मोजायच्या आणि लिहायच्या. गोण्या मरत नाहीत. ती म्हणते, वर्ष संपेपर्यंत साहेब थांबेल, पण हो की नाही ते कळव. आई गेल्यापासून माझ्यावर शब्द तुमचा. आईचा भाऊ म्हणून तुम्हीच मला या नोकरीत घातलंत, तेव्हा सोडायची परवानगीही तुमच्याकडेच मागते. द्या.

तुमची
फालेस


सालिमा
३ मार्च २००२

फालेस पोरी,

पत्र पोचलं. मामीने तीनदा वाचून घेतलं आणि तिन्ही वेळा रडली. तेव्हा तुझ्या घराण्याचा रडण्याचा कोटा भरला, तू आता रडायची गरज नाही.

परवानगी नाही. गोण्या मोजायला तुला मी शिक्षक प्रशिक्षण शाळेत पाठवलं नव्हतं. गोण्या मोजायला डोरिका पुरेशी आहे, तिला शंभरच्या पुढचे आकडे येत असतील तर.

आता नीट ऐक. मी एकतीस वर्षं शिकवलं. चार शाळा, त्यातल्या दोन ठिकाणी हेडमास्तर. हकीकती वाचल्या त्या साठाच्या वर असतील. डोळ्यातून टिपूस काढलं नाही. लोक म्हणायचे, सरांचं काळीज दगडाचं आहे. दगड परवडला बाई, चिखलावर इमारत उभी राहत नाही.

तुझी चूक कुठे होते ते तुझ्याच पत्रात आहे. कुणाला वजाबाकी जमत नाही, कुणाला हातचा आवडतो, हे तू कशाला लक्षात ठेवतेस? सव्वाशे पोरांची नावं जिभेवर खेळवलीस तर सव्वाशे वेळा जीव जाईल तुझा. त्यांना रांगेत बसव. जागा ठरवून दे. रांग पहिली, मूल तिसरं. "तिसऱ्या रांगेतली सातवी, उत्तर सांग." सैन्यात काय करतात? नंबरच देतात ना! नाव हजेरीपटात असू दे, तिथे ते सुरक्षित असतं.

कुणी गेलंच तर त्या घरात आत जाऊ नकोस. चेहरा बघायला तर मुळीच जाऊ नकोस. बाहेर पुरुषांपाशी उभी राहा. हकीकत लिहायला फार डोकं लागत नाही. आज्ञाधारक होता, मित्रांना प्रिय होता, आईला पाणी भरू लागायचा. आईबापांना यापेक्षा जास्त काही नको असतं, लेकराचं नाव चारचौघांत कागदावरून वाचलं गेलं की त्यांचं समाधान होतं. वाचायचं, घडी घालायची, मुखियाच्या हातात द्यायची, घरी येऊन मक्याचा न्सिमा खायचा. पोटभर.

दुसरं सत्र संपेपर्यंत असं करून बघ. मग बोलू.

तुझा मामा


कफुलू
२८ एप्रिल २००२

मामा,

तुम्ही खरंच हेडमास्तर होतात हे आज मान्य करते. जमलं!

सुट्टीनंतर पहिल्याच दिवशी बारा रांगा केल्या. जमिनीवर खडूच्या रेघा मारल्या, प्रत्येकाला जागा दिली आणि सांगितलं, जागा सोडायची नाही. टेलेझा नावाची एक चुणचुणीत पोरगी आहे, तिला मॉनिटर केलं. हजेरी आता मी घेत नाही, रांगेतलं पहिलं मूल आपली रांग मोजून टेलेझाला सांगतं, टेलेझा मला. अर्ध्या तासाचं काम चार मिनिटांत. हेडमास्तर खूश आहेत, बाकीच्या वर्गांनाही हेच करा म्हणाले.

आणि मामा, मला हलकं वाटतंय. मुलं आता मुलं दिसत नाहीत, वर्ग दिसतो. शेत बघावं तसा. शेतात कणसं मोजतो का आपण? मी जेवते, झोपते, परवा तर शिक्षकांच्या खोलीत इतकी मोठ्याने हसले की हेडमास्तर बाहेर येऊन बघून गेले.

मागच्या महिन्यात पाचवीतला एक गेला. हकीकत तुमच्याच साच्यातली वाचली. आज्ञाधारक, मित्रांना प्रिय. आवाज खणखणीत लागला.

एकच सांगते, म्हणजे लपवलं असं व्हायला नको. वर्गात एक पोरगी आहे, सहाव्या रांगेतली पाचवी. पुढचा दात पडलेला. गाणं सुरू झालं की ती सगळ्यांच्या वर आवाज लावते, आणि खांदे असे उडवते की मला फळ्याकडे तोंड करून हसावं लागतं. नाव विचारलेलं नाही. नियम मोडलेला नाही. पण ती दिसतेच, काय करू!

डोरिकाला अजून काहीच कळवलेलं नाही.

तुमची
फालेस


सालिमा
१९ मे २००२

फालेस,

शाबास. मी सांगत नव्हतो का? म्हाताऱ्याचं ऐकावं माणसाने. तो खांदे उडवणारा प्रकारही सोडून दे. एक भोक पडलं की सगळं धान्य गळतं.

इकडे सरोवरावर वारा फार आहे, मासळी कमी. माझे गुडघे दुखतात. मी घरीच असतो, पेपर वाचतो. निवृत्त माणसाला दुसरं काम काय?

तुझा मामा

(फालेस, मी मामी. ते पाकीट चिकटवायला मला देऊन मागच्या दारी गेलेत, म्हणून खाली लिहिते. अक्षर वाईट आहे, समजून घे. ते सांगतात तितकं सगळं ऐकू नकोस. गुरुवारच्या बाजाराला ते कधीच जात नाहीत. बारा वर्षं झाली, एकदाही नाही. मीठ संपलं तरी जात नाहीत, मलाच पाठवतात. का ते विचारलं की गुडघे म्हणतात. आधी गुडघे चांगले होते तेव्हाही गुडघेच म्हणायचे.)


कफुलू
२३ जून २००२

मामा,

हे पत्र रागाने लिहिते आहे. वाचून फाडायचं असेल तर फाडा, पण आधी वाचा.

पंधरा दिवसांपूर्वी, शुक्रवारी सकाळी एक बाई दारात आली. जूनची थंडी होती, अंगाभोवती दोन कापडं गुंडाळली होती. म्हणाली, "माझी एलुबी गेली. तुमच्या वर्गातली. तीन दिवस ताप होता." तीन दिवस मूल वर्गात नव्हतं आणि मला पत्ता नव्हता. सहाव्या रांगेच्या पहिल्याने रोज "सगळे" असं सांगितलं होतं, टेलेझाने मला सांगितलं होतं आणि मी लिहिलं होतं.

मी हजेरीपट काढला. एलुबी कचेरे, सहावी रांग, पाचवी.

सहाव्या रांगेतली पाचवी. ती दात पडलेली. त्या आठवड्यात थंडीमुळे सकाळचं गाणं झालं नव्हतं, म्हणून तिची उणीव मला कळलीही नव्हती. मामा, त्या एकीसाठी मी तुमचा साचा बाजूला ठेवला. म्हटलं, हिला आज्ञाधारक आणि मित्रांना प्रिय असं पुरून टाकणार नाही. बसून लिहिलं. ती सगळ्यांच्या वर आवाज लावायची, खांदे उडवत नाचायची, तिच्याकडे बघून मला हसू लपवावं लागायचं, ती गायला लागली की पाढेसुद्धा गाण्यासारखे वाटायचे, हे सगळं लिहिलं. तुमचं अर्धं मात्र पाळलं. घरात गेले नाही, चेहरा पाहिला नाही, पुरुषांपाशी उभी राहिले. शनिवारी खड्ड्यापाशी वाचलं. वर्गातली चाळीस-पन्नास मुलं समोर गवतात बसून ऐकत होती. त्यातल्या काहींनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, रडू येत असेल त्यांना.

सोमवारी वर्गात गेले. प्रार्थनेनंतर गाणं सुरू झालं आणि सहाव्या रांगेतून तो आवाज आला. सगळ्यांच्या वर.

ती तिथेच बसली होती. पाचवी. खांदे उडवत होती.

मी खडू खाली ठेवला. तिला विचारलं, "तुझं नाव काय?" म्हणाली, "मदालित्सो म्तांबो." "ही जागा तुझी?" तर टेलेझा पुढे आली. तिकडून कौलातून ऊन येतं ना बाई, म्हणाली, सकाळी तोंडावर येतं. मदालित्सोला ऊन आवडतं, एलुबीचे डोळे दुखायचे. पहिल्याच आठवड्यात त्यांनी अदलाबदल केली. बाई, तुम्हीच जागा सोडायची नाही म्हणाला होतात, म्हणून सांगितलं नाही. एलुबी दुसऱ्या रांगेत भिंतीकडे बसायची. दुसऱ्या रांगेतली एक कमी मी तीन दिवस मदालित्सोच्या नावापुढे लिहिली होती. मी म्हटलं, "मग त्या दिवशी मी वाचत होते तेव्हा कुणी बोललं का नाही?" सगळी खाली बघायला लागली. शिक्षकाला वाचताना मध्येच टोकायचं नसतं, हे मीच शिकवलं आहे त्यांना.

दुसऱ्या रांगेत भिंतीकडे बसणारी कोण, हे मी आठवून बघते. मामा, मला काही म्हणजे काही आठवत नाही. पाच महिने ती माझ्यासमोर होती.

हे एवढ्यावर थांबलं असतं तरी मी सहन केलं असतं. मंगळवारी तिची आई आली. दुपारची सुट्टी होती. माझे दोन्ही हात धरले आणि गुडघ्यावर बसली. मी उठवायला गेले तर उठेना. म्हणाली, "बाई, घरी ती कधी गायली नाही हो. एक शब्द नाही. मला वाटायचं पोरगी मुकीच निपजते की काय. माझ्यापुढे लाजत असेल. शाळेत गात होती, नाचत होती, हसत होती, हे तुमच्यामुळे कळलं. तिच्या आजीला सांगून आले. आजी म्हणाली, चला, पोरीने चार दिवस तरी सुखाचे काढले."

मी काय केलं ते विचारा. मी म्हटलं, "हो आई."

मी "हो आई" म्हटलं, मामा.

ती आता रोज पाणवठ्यावर बायकांना सांगते, माझी एलुबी गायची. मी रस्ता बदलून शाळेत जाते. तुम्ही म्हणाला होतात, आईबापांना यापेक्षा जास्त काही नको असतं. तुम्हाला कुणी सांगितलं हे? तुमचा सल्ला मी घेतला, पाप माझंच आहे, पण वाट तुम्ही दाखवलीत. डोरिकाला होकार लिहून ठेवला आहे. पाकीट चिकटवलं नाही, एवढंच. तुमचा शब्द येईपर्यंत थांबते, कारण आईला मी तसं वचन दिलं होतं. लवकर पाठवा.

फालेस


सालिमा
२१ जुलै

फालेस, मामीचा नमस्कार.

तुझ्या पत्राचं उत्तर येत नाही म्हणून वाट बघत असशील. ते पत्र घेऊन आंब्याखाली बसतात. घडी घालतात, उघडतात. काल विचारलं, पोरीला काय लिहिताय? म्हणाले, "काय लिहायचं ते मला बारा वर्षांपूर्वीच ठाऊक होतं." मग उठून गेले. जेवले नाहीत. तू त्यांना शिव्या लिहिल्या असशील तर बरं केलंस. पण आता थोडी थांब. डोरिकाला पत्र टाकू नकोस.

मामी


सालिमा
११ ऑगस्ट २००२

फालेस,

सात आठवडे उत्तर दिलं नाही. हेडमास्तर असतो तर अशा उशिराबद्दल तुला छडी मारली असती. आता छडी कुणाला मारू?

मी निवृत्त झालो असं सगळ्यांना सांगतो. निवृत्त व्हायला पाच वर्षं बाकी होती. मी पळून आलो. तुझ्या आईलाही हे ठाऊक नव्हतं.

आम्ही तेव्हा डोंगराकडच्या शाळेवर होतो. चौथीतला एक मुलगा गेला, फॅक्सन नावाचा. बाप बिझिविक, टोपल्या विणायचा. मी रांगांचा माणूस, मला तो मुलगा आठवेना. साचा होताच. पण त्या दिवशी जिल्ह्याचे अधिकारी आले होते, मुखिया पुढे बसला होता, मला वाटलं जरा शोभा आणावी. म्हणून एक ओळ आपल्या मनाची घातली. "याला मोठं होऊन ट्रक चालवायचा होता." कुठून सुचलं देव जाणे. समोर रस्त्यावर एक ट्रक उभा होता बहुतेक.

बिझिविकने ती ओळ धरून ठेवली. त्याला दुसरा मुलगा होता, पेट्रोस. तो माझ्याच शाळेत, आठवीत. फालेस, मी एकतीस वर्षांत जी डोकी पाहिली त्यात तसं डोकं दुसरं नव्हतं. गणित त्याला शिकवावं लागत नसे, दाखवलं की पुरे. त्याची हायस्कूलला निवड झाली त्या आठवड्यात बिझिविक माझ्याकडे आला. म्हणाला, "सर, पेट्रोस हायस्कूलला जाणार नाही. थोरल्याची इच्छा राहिली होती ती धाकट्याने पुरी करायची. ट्रकवर क्लीनर म्हणून लावला आहे, पुढे ड्रायव्हर होईल. तुम्ही त्या दिवशी सांगितलं नसतं तर मला कळलंही नसतं." पेट्रोस मागे उभा होता. माझ्याकडे बघत होता, सर काहीतरी बोलतील म्हणून.

एक वाक्य बोलायचं होतं. बिझिविक, ते मी बनवून लिहिलं होतं. एवढंच. मी म्हणालो, "बापाच्या मनाप्रमाणे वागणारा मुलगा भाग्याचा."

पुढे माझी इकडच्या शाळेवर बदली झाली आणि बिझिविकही सालिमालाच भावाकडे राहायला आला. गुरुवारच्या बाजारात टोपल्या घेऊन बसायचा. मी दिसलो की उठून हात हातात घ्यायचा आणि म्हणायचा, "सर, पेट्रोस आता मोठ्या ट्रकवर आहे." प्रत्येक गुरुवारी. एका गुरुवारी मी घरी आलो, शाळेला पत्र लिहिलं की तब्येत बरी नाही, आणि बाजार आणि शाळा दोन्ही एकाच दिवशी सोडली.

मी रडलो नाही, हे खरं आहे. तेवढंच खरं. त्याचा अर्थ मी तुला उलटा सांगितला. ज्याचं काळीज तुटतं त्याला लोक म्हणतात हा टिकायचा नाही. मी मात्र तुटू न देता टिकलो आणि शेवटी टिकलोच नाही. पोरं मला जड झाली म्हणून मी गेलो नाही. ज्यांना मी पाहिलंच नाही तीच मला बाहेर काढून गेली.

परवानगी मागितली होतीस. दिली. लिलाँग्वेला जा, गोण्या मोज, मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. पण आधी त्या बाईकडे जा आणि सांग. न सांगता गेलीस तर गोदामातसुद्धा तुझा गुरुवार तुला सोडणार नाही. हे हेडमास्तर म्हणून सांगत नाही, तो अधिकार माझा गेला. पळून आलेला माणूस म्हणून सांगतो. पुढे काय होईल ते मला ठाऊक नाही. मी कधी सांगून पाहिलं नाही.

मामा


कफुलू
२२ सप्टेंबर २००२

मामा,

सांगितलं.

ती उखळात मका कांडत होती. मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. जागा, ऊन, रांगा, मदालित्सो. म्हटलं, गाणारी तुमची नव्हती. तिचा मुसळाचा हात थांबला नाही. वर गेला, खाली आला. मी म्हटलं, आई, मला शिव्या द्या. ती म्हणाली, "मग माझी कशी होती?"

तिने उखळात आणखी एक मूठ मका टाकला.

"पाच महिने तुमच्याकडे होती. एक गोष्ट सांगा. कुठलीही."

मी म्हटलं, "मला ठाऊक नाही." तेव्हा तिने मुसळ खाली ठेवलं आणि घरात गेली. दार लावून घेतलं. मी उन्हात बराच वेळ बसले. शेजारच्या बायका बघत होत्या. मग मी उठून आले. मला वाटलं होतं सांगितलं की छाती मोकळी होईल. तसलं काही झालं नाही.

गावात बोभाटा व्हायचा तो झाला. दुसऱ्या दिवसापासून माणसं यायला लागली. ज्यांची ज्यांची हकीकत मी वाचली होती, त्यांचे आई-बाप. भांडायला कुणी आलं नाही, तसे आले असते तर बरं झालं असतं. दारात उभे राहायचे आणि विचारायचे, "बाई, आमच्याचं वाचलंत ते खरं होतं ना?" फेब्रुवारीपर्यंतच्यांना मी सांगू शकले, खरं होतं, त्याला हातचा घ्यायला आवडायचंच. त्यानंतर पाचवीतल्या एकाचा बाप आला. आज्ञाधारक, मित्रांना प्रिय. त्याला मी म्हटलं, माफ करा. तो म्हणाला, "आज्ञाधारक नव्हताच तो, डांबरट होता एक नंबरचा. मला त्याच दिवशी कळलं होतं. पण तुम्ही पोराचं नाव घेतलंत, म्हणून गप्प बसलो." आणि हसला, मामा. हसता हसता डोळे पुसायला लागला. मीही. दोघं दारात उभे राहून रडलो. तुम्ही बघितलं असतं तर म्हणाला असतात, इमारत पडली.

हेडमास्तरांनी बोलावून घेतलं. म्हणाले, शाळेची इज्जत घालवलीस, असल्या गोष्टी झाकायच्या असतात. मी म्हटलं, सर, झाकलेलं किती वर्षं झाकलं राहतं ते माझ्या मामांना विचारा. त्यांना काही कळलं नाही.

मामीचं पत्र आलं की तुम्ही गुरुवारी बाजारात गेलात. एकटेच, काठी घेऊन. परत आलात ते मिठाशिवाय, आणि काय झालं ते सांगत नाही. मलाही सांगू नका, सांगावंसं वाटत नसेल तर. गेलात हे कळलं, पुष्कळ झालं.

आता शेवटचं लिहिते. ते लिहायला आठवडा लागला.

मागच्या सोमवारी एलुबीची आई शाळेत आली. वर्गाच्या दारात उभी राहिली. माझ्याकडे बघितलं नाही, मुलांना म्हणाली, "माझी कुठे बसायची?" सगळ्यांनी एकदम बोट केलं. दुसरी रांग, भिंतीच्या कडेला, तिथे एक छोटी खिडकी आहे. ती तिथे जाऊन बसली, मुलांच्यात, मातीत. खिडकीतून बाहेर बघितलं. तिथून मुखियाच्या घरापासूनचा सगळा रस्ता दिसतो, मला हे माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काय करायची इथे बसून?"

मुलं एकमेकांना तोडत बोलायला लागली. गात नव्हती, मावशी. बोटांवर मोजायची. कुणाची पाटी फुटली तर स्वतःची द्यायची. मग टेलेझा म्हणाली, "रोज सकाळी रस्त्याकडे बघत बसायची. बाई वळणावर दिसल्या की तीच आम्हाला सांगायची, बाई आल्या, बाई आल्या. आज निळं कापड नेसल्यात. आज हसतायत. आज रडून आल्यात, आज कुणी दंगा करू नका."

आई माझ्याकडे वळली. पहिल्यांदाच. उठली, कापडाची माती झटकली आणि गेली.

डोरिकाला मी नकार कळवला. मोठेपणा देऊ नका. पुढच्या वर्षी मी इथे असेन का, ते मला सांगता येत नाही. एकशे तेहेतीस नावं आहेत, रोज बारा पाठ करते, आणि प्रत्येक नाव घेताना तीच भीती वाटते, फेब्रुवारीत वाटायची तीच. ती गेलेली नाही. ती जाणार नाही, हे आता कळलं आहे.

जूनपासून मी वर्गाच्या दारात येते तेव्हा आत दंगा चालू असतो. मला वाटत होतं, थंडीने पोरं बेशिस्त झालीत. तीन महिने मी त्यांना त्याबद्दल रागावत होते. मी येते आहे, हे त्यांना सांगायला आता कुणी नाही.

तुमची
फालेस